भाड्याची जोडनाव आणि तांडेलाचा नकार

गोंदिया शहराला लागून असलेलें मुर्री हें गांव धानाच्या मुलखांतलें. तेथील माणसाला पाणी परकें नाहीं. पावसाळ्यांत बांध्या भरतात, तळीं भरतात, वैनगंगा दुथडी वाहते. परंतु समुद्र मात्र परका. गोंदियाहून निघणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसनें सुमारें ९६५ किलोमीटर वाट कापावी, एक रात्र गाडींत काढावी, तेव्हां कोठें मुंबईचा खारा वारा अंगाला लागतो.

अशा गांवांतील सुशिक्षित घरांतूनहि आतां एक नवीन बेत ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं, नातवंडें सुट्टीपुरतीं भेटणारीं. अशा वेळीं मुलांकडून निरोप येतो कीं, यंदा सर्वांनीं ग्रीसच्या किंवा क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जमूं, खलाशांसह एक कॅटामरान आठवडाभर भाड्यानें घेऊं, आणि बेटाबेटांतून हिंडूं. तितका खर्च झेपणारा नसेल तर हेंच मुंबईस अथवा गोव्यांत एका दिवसापुरतें करूं. हा निरोप वाचून घरांतील वडील माणसें तीन प्रश्न विचारतात. ही नाव बुडणार तर नाहीं ना? ती चालविणार कोण? आणि सारा खर्च किती? तीनहि प्रश्न शहाणपणाचे आहेत, आणि पुढें दिसून येईल कीं, तिघांचीहि उत्तरें एकाच जागीं येऊन मिळतात.

आरंभीं ही नाव म्हणजे काय तें पाहूं. कॅटामरान हा शब्द इंग्रजींतून आपल्याकडे परत आला असला तरी तो मूळचा तामिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘मरम्’ म्हणजे लांकूड. बांधलेलीं लांकडें तें कट्टुमरम्. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळी कांहीं ओंडके दोरीनें एकत्र बांधून त्यांवर बसून मासेमारीस जात, आणि परत आल्यावर दोरी सोडून ओंडके वाळूंत वाळत घालीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे येऊन गेलेल्या विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्यानें आपल्या प्रवासवर्णनांत या तराफ्यांची नोंद केली, आणि शब्द युरोपांत गेला.

गंमत अशी कीं, आज हें नांव ज्या नौकेस चिकटलें आहे ती तराफा नव्हे. ती दोन सडपातळ धडांची नाव आहे. दोन्ही धडें समांतर ठेवून त्यांवर एक सामाईक मजला घातलेला असतो. तिला मराठींत जोडनाव म्हणावयास हरकत नाहीं. अशा नावा बांधण्याची कला पॅसिफिक महासागरांतील बेटांवरच्या लोकांची. ती किती पक्की होती याचा पुरावा १९७६ सालीं मिळाला. जुन्या पद्धतीवर बांधलेली ‘होकुलेआ’ नांवाची जोडनाव त्या वर्षीं हवाई बेटांपासून ताहितीपर्यंत, होकायंत्रावांचून, केवळ तारे आणि लाटा पाहून नेण्यांत आली. त्याच्या बरोबर शंभर वर्षें आधीं, १८७६ मध्यें, नॅथॅनिएल हेरशॉफ या अमेरिकन नौकाबांधणीकारानें आपली जोडनाव न्यूयॉर्कच्या शर्यतींत उतरविली होती. तिनें एकधडी नावांस इतकें मागें टाकलें कीं, तिला त्या वर्गांतून बादच ठरविण्यांत आलें.

दोन धडांचा फायदा समजण्यास फार शास्त्र नको. एका झाडाचें खोड कोरून केलेल्या डोंग्यांत ज्यानें कधीं पाय ठेवला आहे त्याला ठाऊक असतें कीं, जरा उभें राहिलें तरी डोंगा डुचमळतो. असेच दोन डोंगे चार हातांचें अंतर ठेवून, वर आडवे वासे टाकून बांधले असें समजा. आतां एका बाजूस भार पडला तर त्या बाजूचा डोंगा पाण्यांत अधिक दबतो, पाणी त्याला तितक्याच जोरानें वर लोटतें, आणि दुसऱ्या बाजूच्या डोंग्याचें वजन दूरवरून ताजव्याप्रमाणें ओढून धरतें. दोन धडांतलें अंतर जितकें अधिक तितका हा तोल पक्का. सायकल आणि बैलगाडी यांत जो फरक, तोच एकधडी नाव आणि जोडनाव यांत. कोंकणच्या कोळ्यानेंहि ही युक्ति आपल्या परीनें साधलेली आहे. तेथील लहान होडीच्या एका बाजूस आडव्या काठ्यांच्या टोकांशीं एक ओंडका बांधलेला असतो, त्यास उलांडी म्हणतात. उलांडी म्हणजे अर्धी जोडनावच होय.

सहलीकरितां जी जोडनाव भाड्यानें मिळते ती बहुधा ४० ते ५० फूट लांबीची असते. ४५ फुटी जोडनाव रुंदीला २३–२४ फूट भरते. तेवढ्याच लांबीची एकधडी नाव १४–१५ फुटांवर थांबते. या रुंदीमुळें मधल्या मजल्यावर बैठकीची ऐसपैस जागा होते, दोन्ही धडांत मिळून चार निजण्याच्या खोल्या बसतात, आणि चालतांना नाव एका अंगावर कलत नाहीं. टेबलावरचा पेला टेबलावर राहतो. शिवाय तिला फार खोल पाणी लागत नाहीं, म्हणून ती किनाऱ्याच्या बरीच जवळ जाऊन नांगर टाकूं शकते. म्हाताऱ्या माणसांस आणि मुलांस ही नाव सोयीची म्हणतात ती याच कारणानें.

आतां तिच्या दोषाकडे वळूं, कारण विकणारा मनुष्य तो आपण होऊन सांगत नाहीं. एकधडी शिडाच्या नावेच्या तळाशीं शिशाचें किंवा लोखंडाचें मोठें वजन असतें. वाऱ्यानें ती कलते, परंतु तळचें वजन तिला पुन्हां उभी करतें. अगदीं उलटी झाली तरी ती बहुधा सरळ होते. २०१८ च्या सप्टेंबरांत नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी एकट्यानें जगप्रदक्षिणा करीत असतां हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळांत सांपडले. त्यांची गोव्यांत बांधलेली ‘थुरीया’ ही नाव पूर्ण गिरकी खाऊन पुन्हां सरळ झाली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीस जबर इजा झाली, परंतु नाव तरंगत राहिली आणि तीन दिवसांनीं त्यांची सुटका झाली. जोडनावेच्या तळाशीं असें वजन नसतें. ती उलटणें फार कठीण, पण एकदां उलटली कीं, ती जशी सुलटी स्थिर असते तशीच उलटीहि स्थिर राहते. आपण होऊन ती सरळ होत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. वारा वाढला कीं एकधडी नाव कलते, आणि तें कलणें हाच इशारा असतो. आंत बसलेल्या अनभिज्ञ माणसालाहि कळतें कीं, आतां शीड आंखडलें पाहिजे. जोडनाव कलत नाहीं, म्हणून हा इशाराहि देत नाहीं. वरून सारें निवांत दिसत असतें आणि शिडावरचा व दोरांवरचा ताण मात्र वाढत असतो. तेव्हां जोडनावेवर शीड आंखडावयाचें तें वारा मोजून, आकडा पाहून, आणि गरज वाटण्याच्या आधींच. बसणाऱ्यास जें सुख वाटतें तेंच हांकणाऱ्याची जबाबदारी वाढवितें. म्हणजे ‘नाव बुडणार तर नाहीं ना’ या पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘चालविणार कोण’ या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

नाव दोन तऱ्हांनीं भाड्यानें मिळते. एक नुसती नाव. तिला भाडेकऱ्यांपैकीं कोणाजवळ तरी नौकानयनाचें प्रमाणपत्र असावें लागतें. दुसरी खलाशांसह. या दुसऱ्या प्रकारांत भूमध्य समुद्रावर बहुधा एक कप्तान आणि एक स्वयंपाक व व्यवस्था पाहणारें माणूस, असे दोघे जण नावेबरोबर येतात. आपल्याकडे कप्तानास तांडेल म्हणतात, आणि तो शब्द अधिक चांगला, कारण त्यांत हुकुमापेक्षां अनुभवाचा वास आहे. सहलीच्या नावेवर पाहुणे साधारणतः बारापेक्षां अधिक घेत नाहींत. समुद्रावरील आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें बाराहून अधिक उतारू नेणारें जहाज हें प्रवासी जहाज ठरतें आणि त्यास कडक नियम लागू होतात. म्हणून ‘अजून चार माणसें सहज मावतील’ असें सांगणाऱ्या मालकापासून दूर राहावें. जोडनाव ऐसपैस दिसते, पण तिचीं धडें सडपातळ असल्यामुळें जादा वजन तिला सोसत नाहीं.

आठवडाभर नावेंतच मुक्काम करण्याची रीत भूमध्य समुद्रांत जितकी रुळली आहे तितकी आपल्या किनाऱ्यावर रुळलेली नाहीं. आपल्याकडे मुंबईस गेटवेच्या धक्क्यावरून आणि गोव्यांत मांडवीच्या परिसरांतून, तासांच्या किंवा दिवसाच्या हिशेबानें, खलाशांसह नावा मिळतात. ज्यांना पुढें परदेशीं जावयाचें आहे त्यांनीं आधीं येथें पारख करावी हें उत्तम. त्याहून स्वस्त उपाय असा कीं, गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या प्रवासी नौकांत कांहीं जोडनावाहि आहेत. त्यांतील एकीचें तिकीट काढून तासाभराचा प्रवास करून पाहावा. घरांतील कोणाला समुद्र लागतो, कोणाला भीति वाटते, आणि कोण खुषींत असतो, हें तेवढ्यांत कळून येतें. मात्र पावसाळ्यांत या लहान नौकांची ये-जा बंद असते, हें लक्षांत ठेवावें.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, तर ऋतूचा हिशेब पाहूं. आपला समुद्र आणि भूमध्य समुद्र यांचे ऋतु जवळजवळ उलटे आहेत. भूमध्य समुद्रावर सहलीचा हंगाम मेपासून ऑक्टोबरपर्यंत. आपल्या किनाऱ्यावर तो ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा दर्या उसळवितो. यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहून कोळी पुन्हां दर्यावर जातो. या चालीरीतींत पिढ्यान् पिढ्यांची खबरदारी सांठविलेली आहे.

उघाडींत कोंकण किनाऱ्यावरचा वारा वेळ पाळणाऱ्या माणसासारखा वागतो. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुटतो, आणि मार्च ते मेमध्यें तो चांगला जोर धरतो. जुना तांडेल पहांटे नांगर उचलतो आणि दुपारचा वारा वाढण्यापूर्वीं आडोशाची खाडी गांठतो, तो याच हिशेबानें. ‘आठ वाजतां निवांत चहा घेऊन निघूं’ असें पाहुण्यांनीं म्हणणें म्हणजे त्याचा अर्धा दिवस हिरावून घेणें होय. याच वायव्येच्या वाऱ्यामुळें मुंबईहून गोव्याकडे जाणें सोपें आणि गोव्याहून मुंबईकडे येणें कष्टाचें. वाटेंत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे किल्ले लागतात. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा किल्ल्यांत हे चारहि आहेत. पण त्यांच्या भोंवतीं खडकहि आहेत. सिंधुदुर्गाजवळचें मालवणचें पाणी तर खडकांनीं भरलेलें आहे. तेथें नकाशापेक्षां तेथल्या माणसाचें बोट अधिक उपयोगी पडतें.

भूमध्य समुद्रावरचे वारे निराळे. फ्रान्सच्या दक्षिणेस मिस्त्राल, एड्रियाटिकवर बोरा, आणि ग्रीसच्या एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टांत मेल्तेमी. मेल्तेमीची खोड अशी कीं, आभाळ निळेंभोर, ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाहीं, आणि उत्तरेचा वारा मात्र दिवसेंदिवस सोसाट्यानें वाहत असतो. मुर्रीच्या माणसाला संकट ढगांतून येतें अशी संवय. तेथें निरभ्र आकाशाखालीं कप्तान ‘आज निघणार नाहीं’ म्हणतो, तेव्हां तो आळशी आहे असा ग्रह होतो. तो ग्रह टाकला पाहिजे. भरती-ओहोटीचा हिशेब मात्र आपल्याकडे अधिक कडक. उधाणाच्या दिवशीं मुंबईस पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. भूमध्य समुद्रांत बहुतेक ठिकाणीं हा फरक हातभरहि नसतो. म्हणून येथें निघण्याची वेळ पंचांग पाहून ठरते, तेथें वाऱ्याचा अंदाज पाहून.

तिसरा प्रश्न खर्चाचा. जाहिरातींत जो आकडा असतो तो नुसत्या नावेचा व खलाशांचा. भूमध्य समुद्रावरील प्रघात असा आहे कीं, अन्न, तेल, बंदराचें भाडें, धुलाई वगैरेंसाठीं निराळी आगाऊ रक्कम कप्तानाच्या हातीं द्यावी लागते. ती भाड्याच्या पाव हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असते. कप्तान तिचा हिशेब ठेवतो आणि उरलेले पैसे शेवटीं परत करतो. त्यावर त्या त्या देशाचा कर, आणि शेवटीं खलाशांस पांच ते पंधरा टक्के बक्षिसी. उदाहरणादाखल, भाडें १० लाख रुपये धरलें, आगाऊ रक्कम ३ लाख, कर तेरा टक्क्यांनीं १ लाख ३० हजार, आणि बक्षिसी १ लाख, तर एकंदर १५ लाख ३० हजार होतात. म्हणजे जाहिरातींतल्या दहाचे घरीं येईपर्यंत पंधरा. विमानाचें भाडें व प्रवेशपरवाने यांशिवाय. परवान्यासंबंधीं एक गोष्ट विसरूं नये. ग्रीस, इटली आणि २०२३ पासून क्रोएशिया हे एकाच शेंगेन परवान्यांत येतात, पण समोर दिसणारा तुर्कस्तानचा किनारा त्यांत येत नाहीं. नाव पलीकडे नेण्याचा बेत असेल तर त्याची तजवीज घरूनच करावी लागते.

आपल्याकडे तासावर नाव घेतांना प्रश्न साधे असतात, पण विचारले पाहिजेत. तास कोठून मोजणार, धक्क्यावर चढल्यापासून कीं नाव सुटल्यापासून? तेल भाड्यांत आहे काय? परतण्यास उशीर झाला तर काय? हीं उत्तरें तोंडीं न ठेवतां लिहून घ्यावींत.

नावेवरच्या राहणीसंबंधीं चार शब्द पुरेत. पाण्याची टांकी कांहीं शें लिटरांची असते, आणि आठ माणसांनीं नळ सोडून स्नानें केलीं तर ती दोन दिवसांत तळ दाखविते. उन्हाळ्यांत घागरींवर दिवस काढलेल्या घरास हें शिकवावें लागणार नाहीं. खाण्याचें पत्रक आधीं भरून घेतात. त्यांत ‘शाकाहारी’ एवढाच शब्द न लिहितां अंडें, मासळी चालते कीं नाहीं हें स्पष्ट लिहावें, आणि तांदूळ-डाळ व मसाला बरोबर न्यावा. ज्याला समुद्र लागतो त्यानें मध्यभागीं, उघड्या हवेंत, क्षितिजाकडे पाहत बसावें, आणि वैद्याच्या सल्ल्यानें गोळी घ्यावयाची ती नाव सुटण्यापूर्वीं घ्यावी.

आतां मुख्य विषय. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्य महिन्याच्या आंत आलें असतां, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट सकाळीं रेवसकडे निघाली. आषाढांतला दर्या होता. काशाच्या खडकाजवळ लाटांचें पाणी आंत आलें, घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, आणि बोट कलंडली, असा वृत्तांत आहे. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कोंकणांतील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अद्याप काढतात. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं, १८ डिसेंबर २०२४ रोजीं, ऐन उघाडींत आणि दिवसाढवळ्या, गेटवेहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. दोन्ही अपघात निराळे. एकांत ऋतु प्रतिकूल होता, दुसऱ्यांत ऋतूचा कांहींच दोष नव्हता. पण दोहोंचा धडा एक आहे. धक्क्यावर हंसत-खेळत चढणाऱ्या माणसाला धोका दिसत नाहीं, आणि तो दिसूं लागतो तेव्हां तयारीची वेळ निघून गेलेली असते.

तयारी म्हणजे काय? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतारू नेणाऱ्या नावेजवळ तपासणीचें चालू मुदतीचें प्रमाणपत्र असावें लागतें. तिनें किती माणसें न्यावींत हा आंकडा ठरलेला असतो. तें प्रमाणपत्र, तांडेलाचा परवाना आणि विमा हीं पाहावयास मागावींत. मागण्यांत अपमान कोणाचाच नाहीं. चांगला मालक तीं आपण होऊन पुढें करतो. प्रत्येकाच्या मापाचें जीवरक्षक जाकीट आहे कीं नाहीं, मुलांच्या मापाचीं वेगळीं आहेत कीं नाहींत, हें मोजून पाहावें, आणि ज्यांस पोहतां येत नाहीं त्यांनीं नाव सुटण्यापूर्वींच जाकीट अंगांत घालावें. बांकाखालीं ठेवलेलें जाकीट पेटींत ठेवलेल्या छत्रीसारखें होय. कांहीं झालें तरी सर्वांनीं एका बाजूस धांवूं नये, हें मुलांस आधीं सांगून ठेवावें.

परंतु कागद आणि जाकिटें यांच्याहि पलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती फार थोडे लोक विचारतात. तांडेलानें ‘आज नाहीं’ म्हटलें तर पैशाचें काय होणार? भूमध्य समुद्रावरील प्रचलित करारपत्रांत असें कलम असतें कीं, ज्या हुकुमानें नाव असुरक्षित जागीं जाईल तो हुकूम मानण्यास कप्तान बांधलेला नाहीं. म्हणजे नाव भाड्यानें घेणारा मार्ग सुचवूं शकतो, पण शेवटचा शब्द कप्तानाचा. हें कलम वाचतांना पाहुण्यास वाटतें कीं, पैसे आपण मोजले आणि हक्क दुसऱ्याचा. खरें पाहतां त्या करारांतील सर्वांत मोलाची वस्तु तीच आहे.

आपल्याकडे पुष्कळदां करारच नसतो, आणि तांडेल हा मालकाचा पगारी नोकर असतो. फेरी झाली नाहीं तर मालकाचें भाडें बुडतें, आणि मालकाचें बुडालें कीं त्याची झळ तांडेलास लागते. वर पाहुणे म्हणतात, ‘इतक्या दुरून आलों, उद्यां गाडी आहे, मुलें हिरमुसतील.’ अशा वेळीं ‘नाहीं’ म्हणणें गरिबाला किती महाग पडतें याचा विचार केला पाहिजे. त्याचें मन ‘नको’ म्हणत असतें आणि तोंडून ‘बघूं या’ निघतें. पुष्कळ संकटांचा आरंभ या ‘बघूं या’ पासून होतो.

यावर उपाय भाडेकऱ्याच्याच हातीं आहे. ठरावांत लिहून घ्यावें कीं, हवेच्या कारणानें तांडेलानें नाव सोडली नाहीं किंवा अर्ध्या वाटेवरून फिरविली, तर त्या दिवसाचें भाडें पुढच्या दिवशीं वळतें व्हावें, किंवा अर्धें-अर्धें सोसावें, पण तांडेलाची मजुरी पूर्ण द्यावी. मग ही गोष्ट तांडेलाच्या समक्ष बोलून दाखवावी. दुसरें, परतीची गाडी किंवा विमान त्याच दिवशींचें काढूं नये. एक दिवस मोकळा ठेवावा. त्या मोकळ्या दिवसाचा मुक्काम वाढल्यानें जो खर्च येतो तो या सहलींतील सर्वांत शहाणपणाचा खर्च. घाई ही वाऱ्यापेक्षां अधिक नावा बाहेर काढते.

मुर्रीच्या माणसाला ही रीत नवी नाहीं. वैनगंगेला पूर असतां ढिवर डोंगा बांधून ठेवतो आणि कांठावर बसून राहतो, तेव्हां पलीकडे लग्न असलें तरी वऱ्हाड त्याच्याशीं हुज्जत घालीत नाहीं, कारण पाणी त्याला कळतें आणि आपल्याला कळत नाहीं, हें तें जाणून असतें. समुद्र मोठा आहे, नाव महागडी आहे, खलाशी परदेशी आहे, एवढाच काय तो फरक. घरांतील वडील माणसांनीं विचारावयाचा प्रश्न ‘ही नाव बुडणार तर नाहीं ना’ हा नव्हे, कारण त्याचें उत्तर विकणारा नेहमीं एकच देतो. विचारावयाचें तें हें कीं, ‘तुमचा तांडेल नाहीं म्हणूं शकतो ना?’ या प्रश्नास ज्या धक्क्यावर मोकळ्या मनानें ‘हो’ असें उत्तर मिळेल, तेथेंच मुलाबाळांसह नावेंत पाय ठेवावा.